दगड मोठा की नुसताच उजळ?

गोष्ट फेब्रुवारी २०२५ मधली. बाह्यरुग्ण विभागातली गर्दी ओसरत आली होती. वडिलांना मधुमेहाच्या तपासणीला घेऊन आलेल्या एका तरुणाने औषधांची चिठ्ठी खिशात ठेवली आणि जाता जाता मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर, हा दगड मुंबईवर पडणार म्हणे. खरं का?"

'२०२४ वायआर४' नावाच्या लघुग्रहाची ती बातमी होती. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या दुर्बिणीला तो सापडला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची थोडीशी शक्यता आहे, असं सुरुवातीच्या गणितातून दिसत होतं. १८ फेब्रुवारीला ही शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत चढली. आदळलाच, तर कुठे आदळू शकेल याचा जो लांबलचक पट्टा काढला होता, तो प्रशांत महासागराच्या पूर्व भागातून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका आणि अरबी समुद्र असा दक्षिण आशियापर्यंत येत होता. साहजिकच आपल्याकडच्या बातम्यांत मुंबईचं नाव आलं.

मी त्याला एवढंच सांगितलं की, दगडाची कक्षा अजून नीट ठरायची आहे. जसजशी निरीक्षणं वाढतील तसतसा हा आकडा बहुधा शून्याकडे जाईल. आठवडाभरात तसंच झालं. फेब्रुवारी संपायच्या आत २०३२ चा धोका नगण्य ठरला.

पण त्या तरुणाचा दुसराही एक प्रश्न होता. "सर, इथे लिहिलंय की दगड चाळीस ते नव्वद मीटरचा आहे. म्हणजे नक्की किती? एवढ्या मोठाल्या दुर्बिणी असून यांना इतकंही सांगता येत नाही?"

हा प्रश्न मला ओळखीचा वाटला. "साहेब, गोलगोल नको, नक्की काय ते सांगा," असं नातेवाईक आम्हाला रोज म्हणतात. त्या दिवशी पुढचा रुग्ण उभा होता, म्हणून उत्तर राहून गेलं. ते आज देतो.

रुमाल आणि घोंगडं

पहिला लघुग्रह सेरेस. तो १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतल्या पालेर्मो इथे जुसेप्पे पियाझ्झी यांना दिसला. पुढच्याच वर्षी विल्यम हर्शल यांनी या नव्या पिंडांना 'ॲस्टेरॉइड' म्हणजे 'ताऱ्यासारखा' असं नाव दिलं, कारण दुर्बिणीतून पाहिलं तरी ग्रहासारखी तबकडी दिसत नव्हती, ताऱ्यासारखा नुसता ठिपका दिसत होता. आज सव्वादोनशे वर्षांनंतरही बहुतेक लघुग्रहांच्या बाबतीत हीच स्थिती आहे. ठिपका किती तेजस्वी आहे, हे नेमकं मोजता येतं. काही रात्रींच्या निरीक्षणांनंतर तो किती दूर आहे, हेही कळतं. तो केवढा आहे, हे मात्र त्यावरून कळत नाही.

असं का होतं? चांदण्या रात्री माळावर कुणी पांढरा रुमाल वाळत घातला आहे आणि जवळच काळं घोंगडं पसरलं आहे, असं समजा. लांबून दोन्हींकडून डोळ्यांत येणारा एकूण प्रकाश सारखाच असू शकतो, कारण रुमाल लहान असला तरी पडलेला बराचसा प्रकाश परत फेकतो आणि घोंगडं मोठं असलं तरी बहुतेक प्रकाश गिळून टाकतं. दोन्ही ठिपक्यांएवढे दिसतील इतकं दूर गेलात, तर कोणता रुमाल आणि कोणतं घोंगडं, हे नुसत्या उजेडावरून सांगता येणार नाही.

लघुग्रहांत रुमालही आहेत आणि घोंगडीही आहेत. पांढऱ्याशुभ्र आदर्श चकतीने समोरून जेवढा प्रकाश परत पाठवला असता, त्याच्या किती टक्के प्रकाश हा दगड परत पाठवतो, या मापाला परावर्तनक्षमता म्हणू. व्हेस्टा नावाच्या मोठ्या लघुग्रहाची परावर्तनक्षमता ४० टक्क्यांच्या थोडी वर आहे, सेरेसची सुमारे ९ टक्के आणि बेन्नू नावाच्या छोट्या लघुग्रहाची अवघी ४.४ टक्के. आपला चंद्र इतका लखलखीत दिसतो, पण त्याचीही परावर्तनक्षमता जेमतेम १२ टक्के आहे. तो जुन्या डांबरी रस्त्याइतका काळपट आहे. काळ्या आकाशाच्या शेजारी तो उजळ वाटतो, इतकंच.

आता गणित पाहा. सारख्याच तेजाचे आणि सारख्याच अंतरावरचे दोन ठिपके आहेत. एकाची परावर्तनक्षमता ४० टक्के आणि दुसऱ्याची ४ टक्के असेल, तर दुसरा व्यासाने तिप्पट मोठा निघतो. व्यास तिप्पट म्हणजे घनफळ सुमारे तीसपट, आणि वजनही साधारण त्याच पटीत. '२०२४ वायआर४' च्या बाबतीत चाळीस आणि नव्वद हे दोन आकडे आले ते इथूनच. दगड उजळ असेल तर चाळीस, काळा असेल तर नव्वद. या दोन टोकांमध्ये वजनाचा फरक अकरापट पडतो.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, ते रशियातल्या चेल्याबिन्स्क शहराने अनुभवलं आहे. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी सुमारे वीस मीटरचा एक दगड सूर्याच्या दिशेने आला. त्यामुळे तो कोणत्याही दुर्बिणीला आधी दिसला नव्हता. जमिनीपासून काही दशक किलोमीटर उंचीवर त्याचा स्फोट झाला. सुमारे दीड हजार लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली आणि त्यांतल्या बहुतेकांना फुटलेल्या काचा लागल्या होत्या. आधी आकाशात झगझगीत उजेड पडला. काय झालं ते पाहायला लोक खिडक्यांशी गेले आणि दोनेक मिनिटांनी धक्क्याची लाट येऊन काचा फुटल्या. डॉक्टर म्हणून यातली एक गोष्ट मी पक्की लक्षात ठेवली आहे: आकाशात अचानक डोळे दिपवणारा उजेड दिसला, तर काचेपासून दूर व्हायचं. वीस मीटरच्या दगडाने एवढं केलं. मग चाळीस आणि नव्वद यांतला फरक हा किरकोळ तपशील राहत नाही. त्यावर कोणत्या भागातले लोक हलवायचे, याचे निर्णय अवलंबून असतात.

अष्टमी आणि कोजागरी

इथपर्यंत प्रश्न नुसता काळ्या-गोऱ्याचा वाटतो. खरी अडचण पुढे आहे. एकच दगड वेगवेगळ्या बाजूंनी पाहिला, तर वेगवेगळा उजळ दिसतो.

कोजागरीच्या चंद्राचा अर्धा भाग झाकला, तर उजेड निम्मा व्हायला हवा. पण अष्टमीच्या अर्ध्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा नसतो, तो जेमतेम दहावा हिस्सा असतो. कारण चंद्राची जमीन ओबडधोबड आहे. अष्टमीला सूर्य बाजूला असतो, त्यामुळे प्रत्येक डोंगराची, दगडाची आणि धुळीच्या कणाची सावली आपल्याला दिसते. या असंख्य सावल्या उजेड कमी करतात. पौर्णिमेला सूर्य जवळजवळ आपल्या पाठीमागे असतो आणि प्रत्येक कणाची सावली त्याच कणाच्या मागे लपते. म्हणूनच पौर्णिमेचा चंद्र लखलखीत, पण सपाट दिसतो. दुर्बिणीतून चंद्रावरचे खड्डे पाहायला अष्टमी बरी, हे आकाशदर्शनाचा छंद असलेल्यांना माहीत असतं.

सूर्य, लघुग्रह आणि पाहणारा यांच्यामधला कोन हा या सगळ्याचा कळीचा मुद्दा आहे. चंद्राच्या कला याच कोनामुळे होतात, म्हणून त्याला कलाकोन म्हणू. पौर्णिमेला तो शून्याच्या जवळ असतो आणि अष्टमीला नव्वद अंशांच्या आसपास.

या कोनाचा धडा मला आकाशाने दिला नाही, एका मुलाच्या दंडाने दिला. इंटर्नशिपमध्ये असताना एका खेड्यातल्या शिबिरात संध्याकाळी एक बाई आपल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. त्याच्या दंडावर फिकट चट्टा होता. ट्यूबलाइट माझ्या डोक्यामागे होती आणि तिचा उजेड सरळ चट्ट्यावर पडत होता. मला तो सपाट दिसला. शिबं असतील, असं म्हणून मी मलम दिलं. सात-आठ महिन्यांनी तोच मुलगा आमच्या रुग्णालयात आला. आमच्या सरांनी त्याला खिडकीशी नेलं आणि उजेड बाजूने पडेल असं उभं केलं. चट्ट्याची कड किंचित उचललेली होती आणि तिची बारीक सावली पडली होती. सरांनी कापसाचा बोळा फिरवला. मुलाला स्पर्श कळला नाही. तो कुष्ठरोग होता. औषधं सुरू झाली, रोग बरा झाला, पण तोवर हाताची नस दुखावली होती. त्याची करंगळी पुन्हा पूर्ण सरळ झाली नाही.

सर एवढंच म्हणाले, "अरे, समोरच्या उजेडात उंचवटे दिसत नाहीत. बाजूने बघायचं. आणि हात लावायचा." तीस वर्षं झाली, पण खिडकीशी गेल्याशिवाय मी कातडीवरचा चट्टा पाहत नाही.

समोरून अचानक वाढणारा उजेड

कलाकोन शून्याजवळ येतो, तेव्हा आणखी एक गंमत होते. उजेड हळूहळू वाढत असतो, तो शेवटच्या काही अंशांत एकदम उसळी घेतो. शनीची कडी सूर्याच्या बरोबर समोर आल्यावर अशी उजळतात, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ ह्युगो फॉन झेलिगर यांनी १८८७ मध्ये लपणाऱ्या सावल्यांच्या आधारे समजावून सांगितलं. १९५६ मध्ये टॉम गेरेल्स यांनी मॅसेलिया नावाच्या लघुग्रहावर हाच प्रकार मोजला. सूर्य एका बाजूला आणि पिंड बरोबर विरुद्ध बाजूला, या स्थितीला पंचांगात प्रतियुती म्हणतात. म्हणून हा प्रतियुती परिणाम. लपणाऱ्या सावल्यांखेरीज याला आणखी एक कारण आहे. बारीक कणांमध्ये उड्या मारत परत येणाऱ्या प्रकाशलहरी अगदी उलट्या दिशेने परतताना एकमेकींना बळ देतात. उजेड कोणत्या कोनात, किती वेगाने वाढतो, यावरून पृष्ठभागावरचे कण किती बारीक आहेत आणि किती सैलसर रचलेले आहेत, याचा अंदाज येतो.

हा परिणाम अगदी शून्य अंशावर पाहणं पृथ्वीवरून अवघड आहे. आपल्या चंद्राच्या बाबतीत तर ते अशक्यच आहे, कारण कोन शून्याला टेकायच्या आधी पृथ्वीची सावली चंद्रावर पडते आणि ग्रहण लागतं. १९९४ मध्ये चंद्राभोवती फिरलेल्या क्लेमेंटाइन यानाला ही अडचण नव्हती. त्याच्या छायाचित्रांवरून कळलं की, कलाकोन चार अंशांवरून शून्यावर येईपर्यंत चंद्राचा पृष्ठभाग ४० टक्क्यांहून अधिक उजळतो.

दुसऱ्या टोकाचीही तीच अडचण आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातले लघुग्रह आपल्यापेक्षा सूर्यापासून बरेच दूर आहेत. त्यामुळे पृथ्वीवरून ते नेहमी जवळजवळ 'पौर्णिमेचेच' दिसतात आणि त्यांचा कलाकोन तीसेक अंशांपलीकडे फारसा जात नाही. त्यांची अष्टमी किंवा चतुर्थी आपल्याला कधी दिसतच नाही. म्हणजे आपण कायम समोरच्या ट्यूबलाइटमध्ये चट्टा पाहत असतो. बाजूने पाहायचं असेल, तर तिथे जावंच लागतं.

युरोपच्या रोझेटा यानाने हे फार छान करून दाखवलं. एका धूमकेतूकडे जाताना वाटेत ते ५ सप्टेंबर २००८ रोजी स्टाइन्स या लघुग्रहाजवळून, सुमारे ८०० किलोमीटरवरून गेलं. स्टाइन्स जेमतेम पाच-सहा किलोमीटरचा आहे. १० जुलै २०१० रोजी यान ल्युटेशियाजवळून गेलं. तो शंभर किलोमीटरचा आहे. दोन्ही वेळा यान सूर्य पाठीशी ठेवून आलं आणि बाजूने पुढे निघून गेलं. काही तासांत कलाकोन अर्ध्या अंशाहून कमीपासून १४० अंशांच्या पुढे गेला. पृथ्वीवर वर्षानुवर्षं बसूनही जी पौर्णिमा, अष्टमी आणि चंद्रकोर एका लघुग्रहाची मिळाली नसती, ती एका दिवसात मिळाली. स्टाइन्स सुमारे ४० टक्के उजळ निघाला आणि ल्युटेशिया १९ टक्क्यांच्या आसपास.

जपानच्या पहिल्या हायाबुसा यानाने नोव्हेंबर २००५ मध्ये इटोकावा लघुग्रहावर स्वतःचीच सावली टिपली. सावलीच्या भोवतीची जमीन इतर जमिनीपेक्षा उजळ दिसते. सावली जिथे पडते तिथेच कलाकोन शून्य असतो, म्हणून ही प्रभा. विमानातून खाली पाहताना रानावर पडलेल्या विमानाच्या सावलीभोवती असाच उजेड दिसतो. पुढच्या वेळी खिडकीची जागा मिळाली तर जरूर पाहा.

छायाचित्रातून माप कसं निघतं

यानाने फोटो काढला म्हणजे माप झालं, असं मात्र नाही. फोटोतला प्रत्येक ठिपका हा एक आकडा असतो. तो किती उजेडाचा, हे ठरवण्यासाठी आधी कॅमेऱ्याचीच परीक्षा घ्यावी लागते.

हे किती महत्त्वाचं आहे, ते आम्ही करोनाच्या काळात शिकलो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हेही प्रकाशाचंच यंत्र आहे. बोटातून पार होणाऱ्या लाल आणि अवरक्त प्रकाशावरून तो रक्तातला ऑक्सिजन सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की, यंत्र ऑक्सिजन ठीक असल्याचं सांगत असताना प्रत्यक्षात तो कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. यंत्र बिघडलेलं नव्हतं. पण प्रकाश कोणत्या कातडीतून जातो आहे, याचा हिशेब त्यात पुरेसा धरलेला नव्हता.

नासाचं ओसायरिस-रेक्स यान बेन्नूकडे निघालं ८ सप्टेंबर २०१६ रोजी. वर्षभराने, २२ सप्टेंबर २०१७ रोजी, वेग आणि दिशा बदलून घेण्यासाठी ते पुन्हा पृथ्वीजवळून गेलं. तेव्हा त्याच्या कॅमेऱ्यांनी चंद्राचे फोटो काढले. कोणत्या कलाकोनात चंद्र किती उजळ असतो, हे पृथ्वीवरून वर्षानुवर्षं मोजून ठेवलेलं आहे. त्या आकड्यांशी ताडून कॅमेऱ्याचा काटा जुळवला गेला. भाजीवाला तराजूवर आधी रिकामं पारडं आणि प्रमाणित वजन ठेवून पाहतो, तसंच हे. आपला चंद्र हे इथलं प्रमाणित वजन.

दुसरी पायरी म्हणजे आकार. बेन्नूचे हजारो फोटो आणि लेसरने मोजलेली अंतरं यांवरून त्याची त्रिमित प्रतिकृती संगणकात तयार झाली. त्यामुळे प्रत्येक फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यासाठी तीन कोन काढता आले: तिथे ऊन किती तिरपं पडत होतं, कॅमेरा किती तिरपा पाहत होता आणि या दोन दिशांमधला कलाकोन किती होता. उतारावरचा दगड काळा दिसतो, तो खरंच काळा आहे की त्याच्यावर ऊन तिरपं पडतं आहे, हे या तीन कोनांशिवाय सांगता येत नाही.

तिसरी पायरी म्हणजे तीच जागा वेगवेगळ्या वेळी पाहणं. २०१९ च्या वसंतात यानाने बेन्नूच्या विषुववृत्तावर वेगवेगळ्या ठिकाणी थांबून खालचे फोटो घेतले. कुठे खाली सकाळ होती, कुठे टळटळीत दुपार, कुठे संध्याकाळ. बेन्नू साधारण सव्वाचार तासांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. म्हणजे एका जागी सव्वाचार तास थांबलं की सगळा बेन्नू त्या एकाच वेळेच्या उन्हात पाहून होतो. मग हे सगळे आकडे एका सूत्रात बसवतात. कोन बदलला की उजेड कसा बदलतो, हे सांगणारी अशी अनेक सूत्रं आहेत. त्यांपैकी ब्रूस हापके यांनी १९८१ मध्ये मांडलेलं सूत्र फार वापरलं जातं. सूत्र जुळलं की सगळे फोटो एकाच प्रमाणित उन्हात आणता येतात. सावल्या आणि उतार यांचा परिणाम वजा होतो आणि उरतो तो दगडाचा स्वतःचा काळेपणा-गोरेपणा.

बेन्नूने काय सांगितलं

पहिली गोष्ट म्हणजे बेन्नू घोंगडंच निघाला. परावर्तनक्षमता ४.४ टक्के, व्यास सुमारे ४९० मीटर.

दुसरी गोष्ट म्हणजे या काळ्या ढिगाऱ्यात सहा दगड भलतेच उजळ निघाले. दीड ते सव्वाचार मीटरचे आणि आजूबाजूच्या जमिनीच्या दहापटीपर्यंत उजळ. त्यांच्या प्रकाशात पायरोक्सिन या खनिजाची खूण सापडली. हे खनिज बेन्नूच्या जातीच्या दगडात असं असत नाही, व्हेस्टाच्या जातीच्या दगडात असतं. म्हणजे हे सहा पाहुणे होते. अब्जावधी वर्षांच्या टकरीत कुठून तरी उडून येऊन बेन्नूच्या ढिगाऱ्यात अडकलेले. एका कोनातून घेतलेल्या एका फोटोवर ही गोष्ट ठामपणे सांगता आली नसती.

तिसरी गोष्ट म्हणजे लांबून काढलेला एक अंदाज साफ चुकला. पृथ्वीवरून मोजलेल्या उष्णतेवरून असं वाटलं होतं की, बेन्नूचा पृष्ठभाग बराचसा बारीक वाळू-खड्यांचा, समुद्रकिनाऱ्यासारखा असेल. डिसेंबर २०१८ मध्ये यान पोहोचलं तेव्हा दिसले ते दगडच दगड. ते सच्छिद्र असल्यामुळे वाळूसारखेच लवकर तापत आणि लवकर निवत होते. आकडे खरे होते, त्यांचा अर्थ लावण्यात चूक झाली होती. पन्नास मीटर रुंद मोकळी जागा मिळेल या हिशेबाने बेत आखलेला, आणि मिळाली त्याहून कितीतरी अरुंद जागा. मग खालचे खड्डे आणि दगड त्या वेळच्या उन्हात कसे दिसतील, हे संगणकाने आधीच काढून ठेवलं. उतरताना यान समोर दिसणारं चित्र त्याच्याशी ताडत राहिलं आणि आपली जागा ओळखत खाली गेलं. उजेडाचं हे सगळं मोजमाप इथे थेट कामाला आलं. २० ऑक्टोबर २०२० रोजी यानाने बेन्नूला स्पर्श केला आणि २४ सप्टेंबर २०२३ रोजी १२१.६ ग्रॅम माती पृथ्वीवर आणून दिली.

चौथी गोष्ट आपल्या नातवंडा-पतवंडांच्या कामाची आहे. बेन्नू ऊन गिळतो, तापतो आणि त्याच्या दुपारच्या बाजूने ती उष्णता बाहेर टाकतो. तिचा अत्यंत सौम्य रेटा त्याला ढकलत राहतो. त्यामुळे बेन्नूची कक्षा दर वर्षी सुमारे २८४ मीटरने आत सरकते आहे. हे अंतर क्षुल्लक वाटतं, पण दीडशे वर्षांत ते दगडाला भलत्याच जागी नेऊन ठेवू शकतं. हे सारं धरून काढलेल्या गणितानुसार २३०० सालापर्यंत बेन्नू पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १,७५० मध्ये एक आहे. त्यातला सर्वाधिक जोखमीचा एक दिवस म्हणजे २४ सप्टेंबर २१८२, आणि त्या दिवसाची शक्यता २,७०० मध्ये एक. दगड किती ऊन परत फेकतो आणि किती गिळतो, हा प्रश्न असा थेट त्याच्या वाटेशी जोडलेला आहे.

म्हणजे नक्की किती?

आता त्या तरुणाकडे परत येऊ. लाखो लघुग्रह आहेत आणि प्रत्येकाकडे यान पाठवणं शक्य नाही. मग इटोकावा, ल्युटेशिया, व्हेस्टा, बेन्नू अशा मोजक्या दगडांचा उपयोग काय?

आमच्याकडे छातीचा एक्स-रे पाहून अनुभवी डॉक्टर म्हणतो, "ही सावली क्षयाची दिसते." हे तो कशाच्या बळावर म्हणतो? अशी सावली असलेल्या काही रुग्णांच्या थुंकीची किंवा फुप्फुसाच्या तुकड्याची तपासणी पूर्वी कुणीतरी केलेली असते, सावली आणि खरा आजार यांची सांगड घातलेली असते. मूठभर रुग्णांत पडताळून पाहिलेली ही सांगड पुढच्या लाखो एक्स-रेंना उपयोगी पडते. जवळून पाहिलेले, मोजलेले आणि शक्य झालं तिथे हात लावलेले लघुग्रह ही त्या ठिपक्यांसाठीची सांगड आहे. कोन बदलला की उजेड किती घटतो, त्यावरून दगड कोणत्या जातीचा असावा आणि म्हणून केवढा असावा, हे ठरवायला त्यांचा आधार मिळतो.

अजूनही दर नव्या ठिपक्याच्या बाबतीत पहिल्या दिवशी 'चाळीस ते नव्वद' असंच म्हणावं लागतं. याला अज्ञान म्हणणं बरोबर नाही. दगड काळा असेल तर काय आणि उजळ असेल तर काय, हे दोन्ही माहीत असलेल्या माणसाने दिलेलं ते प्रामाणिक उत्तर आहे. मार्च २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने '२०२४ वायआर४' मधून निघणारी उष्णता टिपली. काळा दगड जास्त तापतो आणि उजळ दगड कमी, त्यामुळे उजेड आणि उष्णता दोन्ही हाती आले की काळेपणाचं कोडं सुटतं. उत्तर आलं, सुमारे ६० मीटर. ते त्या चाळीस-नव्वदच्या आतच होतं.

ओसायरिस-रेक्स यान माती टाकून थांबलेलं नाही. त्याच कॅमेऱ्यांसह, ओसायरिस-एपेक्स या नव्या नावाने ते आता अपोफिस नावाच्या लघुग्रहाकडे निघालं आहे. सुमारे ३४० मीटरचा हा दगड १३ एप्रिल २०२९ रोजी, आपल्याकडच्या घड्याळाने १४ तारखेच्या पहाटे, पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. तो आदळणार नाही, हे पक्कं ठरलेलं आहे. मोबाइलवर तेव्हा काय काय फिरेल, ते मात्र सांगता येत नाही.

मे महिन्यात तो तरुण वडिलांची साखर दाखवायला पुन्हा आला. मी आपणहून सांगितलं, "तुझा तो दगड साठ मीटरचा निघाला बरं का." तो हसला. मग वडिलांच्या तळपायावरची एक काळपट जागा दाखवून म्हणाला, "सर, हे काही विशेष नाही ना? घरी लाइटमध्ये तर काहीच वाटत नाही."

मी म्हटलं, "त्यांना जरा खिडकीशी आण. पाय बाजूच्या उजेडात बघू. आणि हात लावून बघू."